बादल गाडीचे एंजिन

बंगळूर शहराच्या आग्नेयेस कोरमंगलच्या बाजूने निघणारा एक रस्ता इब्बलूरचा चौक ओलांडतो आणि कैकोंड्रहळ्ळीचा तलाव, दोड्डकन्नल्ली, कार्मेलरामचे रेल्वे स्थानक, दोम्मसंद्र अशी ठिकाणे मागे टाकीत आनेकल तालुक्यातील सर्जापूर या जुन्या गावास जाऊन मिळतो. सर्जापूर हे एके काळी जहागिरीचे गाव होते आणि तेथील माग तलम मलमलीकरिता नावाजलेले होते. तेथील मलमल इतिहासजमा झाली. आज सर्जापूर रोड हे नाव उच्चारले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि सकाळ-संध्याकाळ मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या मोटारींच्या रांगा. या रांगांमध्ये दोन-दोन टन वजनाच्या गाड्या असतात आणि पुष्कळदा त्या प्रत्येकीत माणूस मात्र एकच असतो. हे दृश्य पाहिले म्हणजे याच शहरात पन्नास वर्षांपूर्वी तयार झालेल्या एका चिमुकल्या मोटारीची आठवण निघणे साहजिक आहे. तिचे नाव बादल.

१९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्धाचा भडका उडाला आणि पुढल्या तीन-चार महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. आपल्या देशात तर मोटारीचा प्रश्न आधीच अवघड होता. अ‍ॅम्बॅसडर किंवा फियाट घ्यावयाची तर वर्षानुवर्षे क्रमांक लावून वाट पाहावी लागे. त्यात पेट्रोल महागले. अशा हवेत बंगळूरच्या सिपानी मंडळींनी सनराइज या नावाने कारखाना काढला आणि सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर बादल बाजारात आणली. पुढे एक चाक, मागे दोन, अंग फायबरग्लासचे, आणि पाठीमागच्या बाजूस एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक जातीचे, १९८ घनसेंटिमीटरचे एंजिन. नंतर हिचीच चार चाकांची आवृत्तीही निघाली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी बादलचे उत्पादन थांबले आणि त्याच कारखान्याने इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या किटन गाडीवरून डॉल्फिन ही मोटार काढली. तिचे ८४८ घनसेंटिमीटरचे अ‍ॅल्युमिनियमचे एंजिन इतके चपळ होते की शर्यतींच्या आणि रॅलीच्या शौकिनांनी ती उचलून धरली. डॉल्फिनचे कौतुक पुष्कळ झाले. बादलच्या वाट्यास मात्र ते आले नाही. लोकांनी तिला रिक्षा म्हटले, आणि मोटार घेणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाला रिक्षा हा शब्द सोसत नाही.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना या ठिकाणी आणखी एका गाडीचे नाव आठवेल. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये आपल्या मीरा या छोट्या मोटारीचे पहिले प्रारूप तयार केले. पुढे वीस-पंचवीस वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. प्रथम दोन माणसांची असलेली गाडी चार माणसांची झाली. एंजिन मागे, हवेने थंड होणारे. आणि पोलादी पाटे टाळून रबरावर तोललेली. सुटे भाग जितके कमी तितकी गाडी स्वस्त, हे तिचे सूत्र. देशात छोट्या मोटारीची चर्चा त्या काळी सरकारी समित्यांतून चालू होती. १९६० मध्ये लक्ष्मीकांत झा यांच्या समितीनेही तिचा विचार केला होता. तथापि मीरेला कारखान्याचे रूप आले नाही. बादल निदान दुकानापर्यंत पोहोचली.

युरोपात अशा गाड्यांचा जमाना १९५० नंतरच्या दहा-बारा वर्षांत होऊन गेला. युद्धाने पोळलेल्या देशांत पोलाद महाग, पेट्रोल महाग आणि माणसे मात्र कामावर जाण्यास आतुर. विमाने बांधण्यास बंदी झालेल्या मेसरश्मिट कारखान्यातून तीन चाकांची एक मोटार बाहेर पडू लागली. तिच्या १९१ घनसेंटिमीटरच्या एंजिनाला उलट गती देणारा दाताचक्राचा संच नव्हताच. गाडी मागे न्यावयाची असेल तर एंजिन बंद करून ते उलट्या दिशेने सुरू करावयाचे. टू-स्ट्रोक एंजिन उलटेही तितकेच आनंदाने फिरते, या गुणाचा हा उपयोग. परिणामी त्या गाडीस पुढे जाण्यास चार गती होत्या आणि मागे जाण्यासही चार!

परंतु या भाषणाच्या विषयास अधिक जवळची गोष्ट इसेटा या गाडीची आहे. इटलीतील इसो कंपनीने १९५३ मध्ये ती काढली तेव्हा तिच्यात २३६ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक एंजिन होते. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने तिचे हक्क घेतले आणि १९५५ मध्ये आपल्या मोटारसायकलीचे २४७ घनसेंटिमीटरचे फोर-स्ट्रोक एंजिन तिच्यात बसविले. अंडाकृती गाडी तीच, पुढून उघडणारे दार तेच. परंतु एंजिन बदलल्याने तिचा आवाज, धूर, स्वभाव सारेच बदलले. तशा दीड लाखाहून अधिक गाड्या खपल्या. म्हणजे छोट्या गाडीत दुसरे एंजिन घालणे हे पाप आहे असे कोणी म्हणू नये; निर्मात्यांनीच ते केले आहे. मात्र निर्मात्याने एंजिन बदलणे आणि पन्नास वर्षांनी एखाद्या मालकाने ते बदलणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या दोहोंमधील अंतर किती, हाच खरा प्रश्न आहे.

समजा, सर्जापूर रोडलगतच्या एखाद्या जुन्या बैठ्या घराच्या पडवीत अशी एक बादल उभी आहे. आजूबाजूची शेते जाऊन तेथे मजल्यावर मजले चढले, पण घर टिकले आणि घराबरोबर गाडीही टिकली. फायबरग्लास गंजत नाही. म्हणून वरवर पाहता गाडी फारशी म्हातारी दिसत नाही. खरा ऱ्हास आत असतो. एंजिन वीस-पंचवीस वर्षे फिरलेले नसते. पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला असतो. कार्ब्युरेटरात पेट्रोल वाळून डिंकासारखे झालेले असते. गाडी पुन्हा चालती करावयाची असे घरच्या तरुण पिढीने ठरविले, की पहिला सल्ला बहुधा असा मिळतो: हे जुने धूड भंगारात टाका आणि रिक्षाचे एखादे नवे एंजिन बसवून मोकळे व्हा.

हा सल्ला मूर्खपणाचा मुळीच नाही. रिक्षाचे फोर-स्ट्रोक एंजिन धूर कमी करते, पेट्रोल कमी खाते आणि त्याचा सुटा भाग कोणत्याही पेठेत मिळतो. पाठीमागे एंजिन, मागल्या दोन चाकांना गती, हवेने थंड होणे, हे सारे दोहोंत सारखेच. विजेवर चालणारा संच बसवावा असेही कोणी सुचवितो, आणि मान्यताप्राप्त संच असेल तर कायदा त्यास वाट देतो. तरीसुद्धा निर्णय घेण्यापूर्वी एक सरकारी कागद वाचून पाहणे शहाणपणाचे ठरते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. वेगळ्या इंधनाकरिता करावयाच्या बदलास तेवढी सवलत आहे. एंजिनाचा क्रमांक हा नोंदणीपत्रातील एक मुख्य तपशील. यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या, जपून ठेवण्याजोग्या गाड्यांकरिता मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, खाजगी वापराची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढील नूतनीकरणास पाच हजार. अशा गाडीच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांमागून ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात. ती रोजच्या ये-जा करिता किंवा धंद्याकरिता रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांकरिता आणता येते. आणि अट अशी की तिच्या सांगाड्यात, अंगात किंवा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

१९७६ मध्ये नोंदलेली बादल २०२६ मध्ये पन्नाशी ओलांडते. म्हणजे रिक्षाचे एंजिन बसविण्याची घाई केली, तर ज्या वर्षी गाडीस मान मिळावयाचा त्याच वर्षी तो मान हातचा जाण्याचा संभव. येथे आणखी एक मेख आहे. नियमातील व्याख्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांपुरती आहे. चार चाकांच्या बादलला वाट मोकळी आहे. तीन चाकांची बादल मात्र या दोन खुर्च्यांच्या मधोमध उभी राहते. तिच्या मालकाने खर्चास हात घालण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी हे बरे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे राजेरजवाड्यांच्या मोटारी असाव्यात. गरीब घरच्या तीन चाकांची आठवण त्यांना राहिली नाही, असेच म्हणावे लागते.

कागद वाचून झाल्यावर एंजिनाकडे वळावे. जुने एंजिन म्हणजे नेमके काय, ते कशात वसते, या प्रश्नास एक व्यावहारिक उत्तर आहे. पिस्टन बदलतो, रिंगा बदलतात, सिलिंडर बोअर होतो, क्रँक नवा घालता येतो. बदलत नाही तो क्रँककेस, म्हणजे या सर्वांना पोटात घेणारी अ‍ॅल्युमिनियमची पेटी. कारण क्रमांक सामान्यतः तिच्यावर ठोकलेला असतो. म्हणून जाणता मिस्त्री पहिल्या दिवशी हातोडी उचलीत नाही. पेटीस कोठे तडा आहे का, बेअरिंगांची बैठक सैल झाली आहे का, नटांची भोके झिजली आहेत का, ते तो पाहतो. तडा असल्यास तो अरगॉन वायूच्या वेल्डिंगने भरून येतो. झिजलेल्या भोकात नवे आटे बसविता येतात. पेटी वाचली की एंजिन वाचले असे समजावे. बाकीचे सारे पैशाचे आणि धीराचे काम.

बसलेला पिस्टन सोडविणे हे त्यातील पहिले. वरून घण घालणाऱ्याने पिस्टनला भोक पडते आणि पुष्कळदा पेटीचेही नुकसान होते. पातळ तेल आणि थोडे ब्रेकचे द्रव प्लगच्या भोकातून सोडून चार-सहा दिवस थांबावे, मग सिलिंडरला बाहेरून बेताची आच द्यावी. लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोके द्यावेत. बहुतेक पिस्टन या उपायाने हलतात. जो हलत नाही तो कापून काढावा, कारण पिस्टन दुसरा मिळेल.

दुसरा मिळेल हे म्हणणे सोपे. प्रत्यक्षात बादलचा पिस्टन म्हणून दुकानात मागितला तर दुकानदार मागणाऱ्याकडे पाहत राहील. बंगळुरात जे. सी. रोड आणि कलासिपाळ्य येथे मोटारीच्या सुट्या भागांची मोठी पेठ आहे, शिवाजीनगरची गुजरी जुन्या मालाकरिता प्रसिद्ध आहे. तेथे जाताना नाव घेऊन जाऊ नये. मापे घेऊन जावे. सिलिंडरचा व्यास, पिस्टनच्या पिनेचा व्यास, पिनेपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, रिंगांची रुंदी आणि पिस्टनच्या कडेस कापलेल्या खिडक्यांची जागा, एवढी पाच मापे चिठ्ठीवर असली की शोध सुरू होऊ शकतो. येथे एक आकडा मोठा मोह घालतो. लँब्रेटा स्कूटरच्या मोठ्या एंजिनाचा व्यास ६६ मिलिमीटर आणि धाव ५८ मिलिमीटर. हिशेब केला तर तेही १९८ घनसेंटिमीटरच भरते. लखनौच्या सरकारी कारखान्याने इटलीहून आणलेल्या यंत्रांवर त्या जातीच्या स्कूटरी कितीतरी वर्षे तयार केल्या, आणि त्यांचे भाग आजही देशी व विदेशी शौकिनांकरिता बनतात. आकडा एकच म्हणून भाग बसेलच असे मात्र मानून चालू नये. घनफळ जुळले तरी पिनेची उंची दोन मिलिमीटरने वेगळी असली, की पिस्टन डोक्यावर आपटतो किंवा एंजिनाचा दाब नाहीसा होतो. कॅलिपर जे सांगेल ते खरे.

रिंगांच्या बाबतीत तर टू-स्ट्रोकचा स्वभाव फारच नाजूक आहे. फोर-स्ट्रोक एंजिनात रिंग आपल्या खाचेत गोल फिरू शकते. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला मात्र बाजूंनी खिडक्या असतात. रिंगेचे टोक फिरत फिरत खिडकीपाशी आले तर ते बाहेर उसळते आणि क्षणार्धात सिलिंडर ओरबाडून टाकते. म्हणून खाचेत एक बारीकशी खुंटी ठोकलेली असते. दुसऱ्या एंजिनाचा पिस्टन घालताना ही खुंटी आपल्या सिलिंडरच्या कोणत्याही खिडकीसमोर येत नाही ना, हे पाहण्यास पुष्कळ चांगले कारागीर विसरतात. सिलिंडर बोअर केल्यावर खिडक्यांच्या धारा सुरीसारख्या होतात, त्याही हाताने घासून किंचित गोल कराव्या लागतात. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण धुराच्या वाटेकडे ठेवावयाचा. रिंगेच्या दोन टोकांमधील फट दर पंचवीस मिलिमीटर व्यासामागे सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे ६६ मिलिमीटरच्या सिलिंडरात पाव मिलिमीटरच्या आसपास. आणि नव्या पिस्टनचे वजन जुन्याशी ताडून पाहावे. सोनाराच्या काट्यावर फरक दिसला तर एका सिलिंडरच्या एंजिनात त्याचा हादरा बैठकीपर्यंत पोहोचतो.

मोटारीच्या फोर-स्ट्रोक एंजिनावर हात बसलेले मिस्त्री ज्या ठिकाणी हमखास चकतात ते ठिकाण म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीले. फोर-स्ट्रोकमध्ये सील गळले तर जमिनीवर तेलाचा डाग पडतो, इतकेच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही नुसती पेटी नाही, तो भाता आहे. पिस्टन वर जाताना हवा व पेट्रोल पेटीत ओढले जाते, खाली येताना ते दाबले जाऊन सिलिंडरात चढते. पन्नास वर्षांत सील टणक झालेले असते. त्याच्या कडेने बाहेरची हवा आत शिरते. हवा जास्त, पेट्रोल कमी, अशा विरळ मिश्रणाने एंजिन जोरात पळते, मालक खूष होतो, आणि आठ-दहा मैलांत पिस्टन तापून पुन्हा चिकटतो. नव्या बोअरिंगचे पैसे पाण्यात. यावर उपाय स्वस्त आहे. सारी तोंडे बंद करून सायकलच्या पंपाने पेटीत बेताचा दाब भरावा, जोडांवर साबणाचे पाणी लावावे, आणि दाबाचा काटा पाच मिनिटे जागचा हलत नाही अशी खात्री झाल्याशिवाय एंजिन गाडीत चढवू नये.

क्रँकचे काम मात्र घरी होत नाही. त्याची दोन चाके आणि मधली पिन दाबाने एकत्र बसविलेली असतात. ती सोडवून नवी पिन, नवे रोलर आणि नवा कनेक्टिंग रॉड घालणे व पुन्हा दाबून दोन्ही दांडे एका रेषेत आणणे, यास प्रेस, लेथ आणि डायल लागते. चूक मिलिमीटरच्या शतांशात मोजावयाची असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्यात आणि बंगळुरात असे काम करणारी माणसे अद्याप आहेत. ती बहुधा वयस्क आहेत. बंगळूरला या कारागिरीची परंपरा जुनी. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये येथे विजेच्या यंत्रांचा कारखाना उभारला, १९५१ मध्ये मायको स्थापन झाली आणि आडुगोडीस स्पार्क प्लग तयार होऊ लागले, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आली. आडुगोडी तर कोरमंगलला खेटूनच, म्हणजे सर्जापूर रोडच्या उगमापासून फार दूर नाही. ज्या हातांनी या कारखान्यांत उमेदवारी केली त्यांनीच पुढे गल्लीबोळांत लेथ मांडले. जुने एंजिन उघडण्याची खरी निकड येथेच आहे. पिस्टन दहा वर्षांनीही मिळेल; परंतु शिशाच्या हातोडीने चार ठोके देऊन क्रँक सरळ करणारा मिस्त्री तेव्हा मिळेल की नाही, हे सांगवत नाही.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिले नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि दोन वर्षांत ते देशभर पसरले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुने रबर फुगविते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरापर्यंतची नळी, पॅकिंगे, सुईचे टोक, हे सारे इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घालावे लागते. टाकी फायबरची असेल तर तिची विशेष काळजी घ्यावी आणि गाडी महिनाभर उभी राहावयाची असल्यास पेट्रोल काढून ठेवावे. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण आपोआप विरळ होते. मुख्य जेट एक-दोन क्रमांकांनी मोठा घालून ही उणीव भरून काढतात. पेट्रोलात तेल किती मिसळावे याविषयी प्रत्येक मिस्त्रीचे मत निराळे. शेकडा दोन ते चार या मर्यादेत बहुतेकांचे भागते. नव्या एंजिनास भीतीपोटी सात-आठ टक्के तेल पाजणारेही आहेत. तेल वाढले म्हणजे तितके पेट्रोल कमी झाले, मिश्रण आणखी विरळ झाले, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

जेटचा विचार करताना बंगळूरच्या उंचीचाही हिशेब धरावा लागतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. तेथे हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणून त्याच एंजिनाची शक्ती तेथे सुमारे एकदशांशाने कमी भरते. उलट बंगळुरात नीट जुळविलेली गाडी घेऊन कोणी घाट उतरून किनाऱ्यावर गेला तर तेथल्या दाट हवेत त्याच जेटचे पेट्रोल अपुरे पडते. उतारावर आणखी एक धोका असतो. टू-स्ट्रोक एंजिनास तेल मिळते ते पेट्रोलाबरोबर. लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये घरंगळू दिली तर एंजिन जोरात फिरत राहते आणि तेल मात्र मिळत नाही. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींत याकरिता चाके मोकळी सुटण्याची सोय केली होती. बादलच्या चालकाने मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून एंजिनाला तेलाचा घोट देत राहावे; दुसरा उपाय नाही.

विजेच्या कामात फायबरग्लासचे अंग एक गंमत करते. लोखंडी मोटारीत दिव्याची एक तार पुरते, परतीची वाट मोटारीच्या अंगातूनच मिळते. फायबरमधून वीज वाहत नाही. प्रत्येक दिव्याला, भोंग्याला, वायपरला परतीची स्वतंत्र तार हवी, आणि ती एंजिनापर्यंत व सांगाड्यापर्यंत गेलेली हवी. एंजिन उत्तम बांधले, प्लगवर ठिणगी नाही, आणि दोष शोधता शोधता आठवडा गेला, अशा वेळी दोष बहुधा या परतीच्या तारेचाच असतो. पॉइंट आणि कंडेन्सर नवे घालावेत. निकेल-क्रोमपेक्षा या दोन वस्तूंवर केलेला खर्च सत्कारणी लागतो.

मग अधिक शक्तीचे एंजिन घालण्याचा हट्ट कोणी धरलाच, तर? कायदा क्षणभर बाजूस ठेवून केवळ यंत्राचाच विचार करावा. दहा-बारा अश्वशक्तीच्या मापाने गाडीचे ब्रेक, टायर आणि सांगाडा बेतलेला. तीन चाकांच्या गाडीत एकटे चाक पुढे असले, म्हणजे वळणावर ब्रेक लावताच तिचा तोल पुढच्या कोपऱ्याकडे जातो, आणि त्या कोपऱ्यात चाक नसते. वेग जितका जास्त तितका हा दोष वाढतो. म्हणजे तिच्यात दुप्पट शक्तीचे एंजिन घालणारा मनुष्य तिला मोठी करीत नाही. तिचा एकच दुर्गुण तेवढा मोठा करतो. चार चाकांच्या आवृत्तीत हा धोका कमी, तरी ब्रेकांचा प्रश्न उरतोच. सर्जापूर रोडच्या सकाळच्या गर्दीत तर इब्बलूरच्या चौकाकडे सरकणाऱ्या पन्नास अश्वशक्तीच्या मोटारीला आणि दहा अश्वशक्तीच्या बादलला जागा तेवढीच मिळते.

तेव्हा मूळ एंजिनाची पेटी शाबूत असेल तर तेच एंजिन बांधावे, असा कौल द्यावासा वाटतो. पेटी फुटून तुकडे झाले असतील, किंवा एंजिन कोणी पूर्वीच विकून टाकले असेल, तर त्याच जातीचे दुसरे शोधावे, आणि ते लावण्यापूर्वी त्याच्या खरेदीची पावती व परिवहन कार्यालयाची अनुमती हाती असावी. चोरीच्या वाहनाचे एंजिन जुन्या बाजारातून अजाणता घरी येऊ नये म्हणून तर ही खबरदारी दुप्पट घ्यावी. तेही न मिळाले तर रिक्षाचे एंजिन घालून गाडी खाजगी आवारात चालवावी, पण सांगाड्यास नवे छिद्र पाडू नये आणि जुन्या बैठकीच्या पट्ट्या कापून टाकू नयेत. आज नाही तर वीस वर्षांनी मूळ एंजिन कोणाच्या तरी गोदामात सापडेल आणि त्याला बसावयास जागा लागेल.

बांधून झालेले एंजिन पहिल्यांदा सुरू होते तेव्हा निळसर धुराचा लोट उठतो आणि शेजारपाजारच्या उंच इमारतींतून माणसे डोकावून पाहतात. सांधे-जोड करताना लावलेले तेल जळून गेल्यावर हा धूर विरतो. पहिले पाच-सहाशे किलोमीटर अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरच्या पुढे जाऊ नये, एकाच वेगाने फार वेळ पळवू नये, दर अर्ध्या तासाने थांबून थंड होऊ द्यावे. शंभर किलोमीटरनंतर प्लग काढून पाहावा. त्याचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर जेट बरोबर. काळेकुट्ट व ओले असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरके असेल तर गाडी तेथेच उभी करून कार्ब्युरेटर उघडावा. त्यानंतर डोक्याचे नट पुन्हा एकदा, तिरक्या क्रमाने, हलक्या हाताने आवळून घ्यावयाचे असतात.